काळी चारची पेटी

धान कापायला आलं की आमच्या मुलचेऱ्यात दुपारी माणूस दिसत नाही. चहावाला शेतात, शिंपी शेतात, पिठाच्या चक्कीला कुलूप. ज्याला धानाची बांधी नाही त्याला या दिवसांत गावात काही कामच उरत नाही. मला बांधी नाही. मी पेन्शनवाली नर्सबाई. ओसरीत खुर्ची टाकून बसते आणि रस्त्यानं धानाचे भारे घेऊन जाणारे ट्रॅक्टर मोजते. पंधरा झाले की कंटाळते, आत जाते, पाणी पिते, परत येते. कोणी विचारलं, बाई काय चाललंय, तर सांगायला बरं म्हणून मांडीवर एखादं स्वेटर ठेवते. मागच्या वर्षीपासून त्याची एकच बाही झाली आहे.

वारा फिरला की कापलेल्या धानाचा वास येतो. कच्चा, गोडसर, थोडा ओल्या तनशीचा, धानाच्या पेंढ्याचा. चिन्नोरसारखं वासाचं धान कापलं असेल तर विचारूच नका, भूक नसताना भूक लागते. हा वास आला की मी या खुर्चीत राहत नाही. मी थेट एटापल्लीच्या बाजूला माझ्या पहिल्या उपकेंद्रात जाऊन पोचते, तेवीस वर्षांची, पांढऱ्या साडीला चिखल लागू नये म्हणून जपणारी.

तिथं मला ऋतू कळायचे ते आजारांवरून. पावसाळ्यात ताप, उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना चावलेले विंचू, आणि कार्तिकात कापलेली बोटं. धानाच्या दिवसांत सकाळी सात वाजल्यापासून माझ्या दारात बोटं येत. डाव्या हाताची, कारण उजव्या हातात विळा. बाया बोटाला पदराची चिंधी किंवा कसला तरी पाला बांधून येत, मी ती सोडायची, धुवायची, पट्टी करायची, आणि दोन दिवस पाण्यात हात घालू नका म्हणून सांगायची. त्या हसायच्या. धान उभं असताना हात घरी ठेवायचा? काय बोलते ही बाई! पट्टी सुकायच्या आत त्या पुन्हा बांधीत उतरलेल्या असत. मला त्यांची भाषा यायची नाही तेव्हा, पण ते हसणं बरोबर कळायचं.

दिवस बुडायच्या सुमारास मुक्कामी एसटी यायची. गावात दिवसाला तेवढीच एक गाडी. ती आली की पोरं धावत, कोंबड्या पळत, आणि मी उगाच दारात उभी राहत असे. कोणी माझं उतरणार नसायचं. माझी माणसं सगळी भंडाऱ्याकडं. पण गाडी आली म्हणजे जग अजून आहे, ते आपल्याला विसरलं नाही, असं वाटायचं.

त्या कार्तिकात एका संध्याकाळी ड्रायव्हरच माझ्या दारात आला. उजव्या हाताची तीन बोटं गाडीच्या बॉनेटखाली सापडली होती. काळीनिळी झाली होती नुसती. मी पट्टी केली, इंजेक्शन दिलं. माणूस वेदनेनं हूं की चूं करेना, पण तोंड मात्र असं केलं होतं, जसं कोणी वारलं आहे.

"दुखते काय खूप?" मी विचारलं.

"दुखाचं काय जी, दुखू द्या. पण आता पेटी कशी वाजवू?"

ड्रायव्हरच्या सीटमागं त्यानं एक हार्मोनियम ठेवली होती. मुक्कामाला गाडी लागली की तो टपावरचं सामान उतरवून द्यायचा, भाकर खायचा आणि गाडीच्याच पायरीवर बसून गायचा. हे मला गावकऱ्यांनी नंतर सांगितलं. मला तोवर वाटायचं, तो आवाज कोणाच्या तरी रेडिओचा आहे.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला आला तो पेटी घेऊनच. ओसरीत ठेवली, भाता उघडला, आणि माझं बोट मागितलं. अक्षरशः मागितलं. "बाई, तुमचं बोट द्या जरा. इथी ठेवा." मी ठेवलं. मधल्या सप्तकातली चौथी काळी पट्टी, तिला गाणारी माणसं काळी चार म्हणतात. "हा सा. इथूनच निघाचं अन इथीच याचं. बाकीच्याकडं पाहू नका." असं म्हणून तो गायला लागला आणि मी पट्टी धरून बसले. पुरुषाचा इतका उंच आवाज मी ऐकला नव्हता. माझ्या एका बोटावर तो सगळाच्या सगळा उभा होता.

बोटं बरी व्हायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात धान निघालं, बांधावर भाऱ्यांचे पुंजणे रचले गेले, मळणीचे चुरणे झाले, आणि मला पाच गाणी वाजवता यायला लागली. त्याची बोटं बरी झाली तरी त्यानं पेटी परत घेतली नाही. पुढच्या वैशाखात आमचं लग्न झालं. तो माझा एकच हंगाम, बाकीची वर्षं म्हणजे त्याच हंगामाची पेन्शन. माझ्या नोकरीच्या आणि यांच्या डेपोच्या बदल्यांनी आम्ही कुठं कुठं फिरलो, कधी वेगवेगळ्या गावी राहिलो, भांडलो, मुलगी वाढवली. पण संध्याकाळी एका छपराखाली असलो की सतरंजी अंथरायची, हे मध्ये आणि मी त्यांच्या डाव्या हाताला.

आता एक गोष्ट सांगते, हसू नका. पस्तीस वर्षं पेटी वाजवली मी, पण फक्त काळी चारवरून. दुसरीकडून वाजवता येते हे मला माहीत होतं, जसं दिल्ली आहे हे माहीत असते. जायचं काम पडलं नाही. जाणकार माणूस बारा ठिकाणांहून वाजवतो, गाणारा बदलला की सा बदलतो. माझा गाणारा कधी बदललाच नाही. कोणी कधी म्हटलं, भाऊ, थोडं खालून घ्या ना, तर हे म्हणायचे, "स्वर खाली केला की गाणं बसते." आणि मी मान डोलवायची. मला अभिमान होता त्याचा. बाई, असा आवाज अख्ख्या तालुक्यात आहे का कोणाचा!

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात हे गेले. खुर्चीत बसल्या जागी, चहा गार व्हायच्या आत. मी नर्स, मी नाडी पाहिली, मला सगळं कळलं, आणि तरी मी कप उचलून चहा गरम करायला आत गेले. का गेले ते मला आजही सांगता येत नाही.

पेटी मी त्यांच्या शालीत गुंडाळून कोपऱ्यात जमिनीवर ठेवली आणि ठरवलं, उघडायची नाही. कोणी असं करा म्हणून सांगितलं नव्हतं. आम्हा बौद्धांत तसलं काही नसते. माझाच हट्ट. वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज धम्मग्रंथाचं वाचन असते, त्याआधी दोन गाणी होतात. ती हे गायचे, मी पेटी धरायची, बाया मागून म्हणायच्या. आमच्या महिला मंडळाच्या कौसल्याबाई आषाढात बोलवायला आल्या, मी नाही म्हटलं. पुन्हा आल्या, पुन्हा नाही म्हटलं. एक वर्ष गेलं, वर पाच महिने गेले.

यंदा कापणी सुरू झाली तेव्हा त्या पुन्हा आल्या. हातात विळा, डोक्याला फडकं, शेतातूनच आलेल्या. बसल्या नाहीत.

"बाई, पौर्णिमेला येता का नाई तेवढं सांगा. आमी गाण्याले मोबाइल लावून राह्यलो सध्या."

"मग चांगलं आहे ना. मोबाइल चुकत नाही."

"चुकत नाई, पण थांबत बी नाई ना बाई! आमी दम घेतो तवर तो पुढं निघून जाते. आमी कुठी अन तो कुठी."

मी हसले. खूप दिवसांनी हसले. त्या गेल्यावर शाल सोडली. पेटी उचलली तर खालची फळी जमिनीलाच राहिली. वाळवीनं भाता खाल्ला होता, आतलं कातडं खाल्लं होतं, लाकडाचा भुसा केला होता. पितळेचे सूर, आतल्या वाजणाऱ्या जिभा, तेवढे शिल्लक, मातीत बुडालेले. जमिनीवर ठेवलेली वस्तू आमच्या भागात किती दिवस राहते हे मला कळू नये? आयुष्यभर लोकांना सांगत फिरले, औषधं फळीवर ठेवा, धान्य ओट्यावर ठेवा. आणि स्वतः काय केलं! जपते जपते म्हणून मारून टाकली. त्या दिवशी मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की शेजारची म्हातारी कुंपणाशी येऊन विचारून गेली, कोणाशी भांडता म्हणून.

तेव्हा नवी पेटी घ्यायची ठरली. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, ऑनलाइन बघते ना मी, कशाला फिरतेस?" तिला कसं सांगू, मला पेटी नकोच होती. मला बसायला जागा हवी होती. या घरात माझ्याशी बोलणारी वस्तू म्हणजे एक कुकर, तोही तीन वेळा बोलून गप्प होतो. विहारातली ती सतरंजी सुटली तर मग ओसरी आणि ट्रॅक्टर, दुसरं काही नाही. आणि भीती ही, की तिथं गाणारे हे नाहीत. दुसऱ्या कोणाच्या गळ्यामागं माझी बोटं चालतील का?

जवळच्या बंगाली वस्तीत हरिपददा राहतात. कीर्तनाच्या पेट्या दुरुस्त करतात, कोलकात्याहून सूर मागवतात आणि इथंच पेट्या बांधतात. त्यांच्या घरापुढं तळं, तळ्यात बदकं, ओसरीत फाटलेल्या जाळ्यांचा ढीग आणि त्याच्या बाजूला दोन नव्या पेट्या, कपड्याखाली झाकलेल्या. आमच्या जुन्या पेटीचा भाता त्यांनीच दोनदा बदलला होता, त्यामुळं ओळख.

"या दीदी. ड्रायव्हरसाब नाही आले?"

त्यांना माहीत नव्हतं. आणि मी, काय झालं कोण जाणे, म्हटलं, "नाही आले आज." खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

पहिली पेटी साधी, सागवानाची, जड. दुसरीत एक करामत होती, ती नंतर सांगते. मी साध्या पेटीपुढं बसले, भाता सोडला आणि काळी चारवर बोट ठेवलं. आवाज गोड होता. वरच्या पट्ट्या वाजवून पाहिल्या, पुन्हा काळी चारवर आले, पुन्हा वर गेले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हरिपददा बिडी न पेटवता हातात धरून पाहत होते.

"दीदी, तुम्ही नुसतं वरचंच ऐकता. खालच्या पट्ट्या दाबल्याच नाही एकदा पण. अर्धीच पेटी घेऊन जाणार काय?"

मी पाहिलं. खरंच होतं. जिथं यांचा आवाज फिरायचा तेवढीच जागा मी तपासत होते. बाकीची पेटी माझ्या लेखी लाकूड होतं.

"असं करा," ते म्हणाले, "साहेबांना घेऊन या एक दिवस. पेटी रिकाम्या हातानं नाही घेत, गळा सोबत आणावा लागतो. त्यांच्या आवाजाला लावून देतो मी."

"ते नाही येत आता, दादा," मी म्हटलं.

त्यांनी बिडी कानावर ठेवली. फडक्यानं पट्ट्या पुसायला लागले, ज्या स्वच्छच होत्या. बदकं तळ्यातून वर आली, ओसरीखालून गेली. मग त्यांनी विचारलं, "मग गाणार कोण?"

एवढा साधा प्रश्न. कौसल्याबाई कुठल्या स्वरात गातात? ठाऊक नाही. बाकीच्या? ठाऊक नाही. वर्षानुवर्षं त्या माझ्या मागं बसून गात होत्या आणि मी एकदा वळून ऐकलं नव्हतं.

"तुम्ही गा," हरिपददा म्हणाले. "तुमचा सा कुठं आहे?"

"मी नाही गात, दादा. मी वाजवते."

"आ म्हणायला काय लागतं? म्हणा."

अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात पोलिओ पाजायला या म्हणून ओरडलेली बाई मी. माझ्या तोंडून आ निघेना. तिसऱ्यांदा निघाला, घोगरा, दमलेला. त्यांनी काळी चार दाबली, मान हलवली. एक पट्टी खाली आले. नाही. आणखी एक खाली. नाही. तिसरी पट्टी दाबली आणि पेटीचा आवाज आणि माझा आवाज एकमेकांत असे बसले, की कुठला कोणाचा ते मलाच कळेना.

"पांढरी चार," ते म्हणाले. "ही तुमची जागा."

एकसष्टाव्या वर्षी कळलं मला. एवढी वर्षं घरात हंडे घासताना, पोरीला झोपवताना यांची गाणी गुणगुणायला जायची आणि मध्येच गळा सोडून द्यायची. मला वाटायचं, आपल्याला गाता येत नाही. अहो, यायला काय झालं होतं! मी दुसऱ्याच्या घरात राहत होते, एवढंच.

मग त्यांनी दुसरी पेटी उघडली. तिच्यातली करामत अशी, की पट्ट्यांची सगळी पाटीच सरकते. ती तीन घरं खाली सरकवली की बोटं काळी चारवरच ठेवायची आणि आवाज पांढरी चारचा निघतो. "तुम्हाला नवीन काही शिकायचं कामच नाही," ते म्हणाले. "बोटं जशी चालतात तशी चालू द्या."

मी वाजवलं. बोटं सरावानं धावली, आणि आवाज खालून आला. बोटं यांच्याजवळ आणि कान दुसरीकडंच. दोन ओळी वाजवल्या आणि हात काढून घेतला. कोणी आपल्या माणसाचे कपडे घालून समोर उभं राहावं, तसं झालं मला. चांगली होती पेटी, दोष देत नाही. ज्याला रोज दहा गळ्यांना साथ द्यायची त्यानं तीच घ्यावी. मी साधी घेतली. म्हटलं, खाली जायचं तर पायऱ्या उतरूनच जाऊ.

हरिपददा म्हणाले, "बोटं कुरकुर करतील दीदी, या वयात."

"करू द्या. त्यांना दुसरं काम तरी काय आहे?"

पौर्णिमेला अकरा दिवस होते. रोज दुपारी, गाव शेतात गेलं की, मी दार लोटून बसत असे. गावात कोणी नाही याचं पहिल्यांदा बरं वाटलं. पांढरी चारवरून पहिलं गाणं वाजवायला गेले तर तिसऱ्या सुराला बोट भलतीकडं. पुन्हा. पुन्हा भलतीकडं. एटापल्लीला शिकले तेव्हा चुकलं की समोरचा माणूस खो खो हसायचा, आणि मी चिडायची. आता चुकलं तर नुसती खोली. खिडकीबाहेर ट्रॅक्टर जायचा, धानाचा वास यायचा, आणि मी चुकत बसायची. एकदा तर रडून घेतलं, मग डोळे पुसून पुन्हा पहिली ओळ घेतली. नवव्या दिवशी दोन गाणी सलग निघाली.

पौर्णिमेला संध्याकाळी विहारात गेले. वंदना झाली, पंचशील झालं. सतरंजीवर मी माझ्या जागी बसले, म्हणजे थोडी डावीकडं. मधली जागा रिकामी होती. कोणीच तिथं बसेना. कौसल्याबाईंनी ते पाहिलं, पदर खोचला आणि सरळ तिथं येऊन बसल्या. धान कापून कापून त्यांचे हात खरबरीत झाले होते, आणि डाव्या हाताच्या बोटाला, सांगायलाच नको, चिंधी.

मी पांढरी चार दिली. त्यांनी सुरुवात केली आणि मागून बाया उचलून धरायला लागल्या. एवढा आवाज! विहाराच्या पत्र्याला लागला तो. सीताफळवाल्या काकू, अंगणवाडीची मदतनीस, कुंपणाशी येऊन विचारणारी माझी शेजारीण, सगळ्या तोंड उघडून गात होत्या. मी दोनदा चुकले, कोणाला कळलंसुद्धा नाही. मोबाइल नव्हता ना, त्या थांबल्या की मीही थांबत होते.

गाणं संपल्यावर मी कौसल्याबाईंना म्हटलं, "अहो, एवढा आवाज होता तुमच्याजवळ? आधी कधी ऐकला नाही तो?"

त्यांनी मागं पाहिलं. बाया एकमेकींकडं पाहून हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून.

"आता काय सांगू बाई, राग नका मानू," त्या म्हणाल्या. "भाऊच्या स्वरात आमचा गळा कधी पोचलाच नाई. एवढे वरसं आमी नुसते तोंड हालवून राह्यलो होतो."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"कसं सांगाचं? येवढं चांगलं गाणारा माणूस. त्याले खाली उतर म्हनाचं का? तुमी बी तर कधी म्हटलं नाई."

मला राग आला. यांचा, बायांचा, माझा, कोणाचा ते धड कळेना. या सतरंजीवर इतक्या बायका बसत होत्या आणि इतक्या वर्षांत गात होता एकच माणूस. आणि तो किती सुंदर गायचा! तेही खरंच होतं. आज यांचा आवाज या भिंतींमध्ये कुठंच नव्हता. कोणाला त्याची उणीव भासत नव्हती, गाणं भरून वाहत होतं.

"कसं झालं बाई?" मागून कोणीतरी विचारलं.

चांगलं झालं होतं. यांच्यावाचून चांगलं झालं होतं. हे खुर्चीत गेले त्या दिवशी नाही, पेटी मातीत गेली त्या दिवशी नाही, त्या क्षणी मला कळलं की ते गेले.

"चांगलं झालं," मी म्हटलं. भाता सोडला. "आता कोणतं म्हणता?"